दांतावरून ओळखलेला मासा

श्रोतेहो, आज ज्या माशाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तो मनुष्याच्या दृष्टीस कधींच पडलेला नाहीं. मनुष्यजातीचा उदय होण्यापूर्वीं कोट्यवधि वर्षें तो पृथ्वीवरून नाहींसा झाला. त्याचा अखंड सांगाडा खडकांतून हातीं येणें ही फार विरळा गोष्ट. बहुतेक ठिकाणीं सांपडतात ते त्याचे दांत, आणि तेहि सुटे सुटे. असें असूनहि ह्या माशास नांव मिळालें, कुळ मिळालें, आणि मत्स्यशास्त्रांत मानाचें स्थान मिळालें. हें सर्व केवळ दांतांच्या साक्षीवर. ती साक्ष कितपत खरी ठरली, कोठें तिचा अर्थ लावण्यांत चूक झाली, आणि ती चूक कोणीं दुरुस्त केली, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

माशाचें नांव सिरॅटोडस. मूळ शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘शृंगदंत’, म्हणजे शिंगासारखे दांत असलेला, असा होतो. स्वित्झर्लंडमधील विख्यात पंडित लुई अगासी ह्यांनीं १८३८ च्या सुमारास हें नामकरण केलें. अश्मीभूत माशांवरील आपला विशाल ग्रंथ ते त्या वेळीं खंडशः प्रसिद्ध करीत होते. १८३३ पासून १८४३ पर्यंत तें काम चाललें होतें. युरोपांतील संग्रहालयें आणि हौशी लोकांचीं कपाटें धुंडाळतांना त्यांना हे विलक्षण दांत भेटले. इंग्लंडांत सेव्हर्न नदीच्या कांठीं ऑस्ट नांवाचा एक कडा आहे, त्या कड्याच्या थरांतून ते विपुल निघत असत.

दांत म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें आपल्या स्वतःच्या दाढा येतात. सिरॅटोडसचा दांत तसा नव्हे. ती एक जाड, कठीण, चकचकीत चकतीच असते. तिची एक कड गोलसर, आणि दुसऱ्या कडेला चारपांच कंगोरे, हाताचीं बोटें पसरावींत तसे, बाहेर आलेले. अशा दोन चकत्या वरच्या जबड्यांत व दोन खालच्या जबड्यांत. वरच्या चकतीचे कंगोरे खालच्या चकतीच्या खांचांत बरोबर बसतात, आणि जात्याच्या दोन तळ्यांप्रमाणें मधील पदार्थ भरडला जातो. वरच्या जबड्याच्या टोंकाशीं आणखी दोन लहान, धारेचे दांत असतात; त्यांचें काम चावा घेण्याचें. हे दांत पडत नाहींत व पुन्हां येतहि नाहींत. वरून झिजतात आणि कडेनें वाढतात, असा हिशेब जन्मभर चालतो. शिंपले, गोगलगाई, कवचाचे बारीक जलचर आणि पाणवनस्पति हें अशा दांतांचें भक्ष्य असलें पाहिजे, हें त्यांच्या घडणीवरूनच उघड होतें.

मग बाकीचा मासा गेला कोठें? त्याचा सांगाडा पुष्कळ अंशीं हाडांचा नव्हता, तो कूर्चेचा होता. आपल्या कानाच्या पाळीवरचा भाग जसा लवचिक असतो, तसा तो पदार्थ. मेल्यावर कूर्चा कुजून जाते, आणि दांतांच्या चकत्या तेवढ्या गाळांत राहतात. शार्क माशांचें, म्हणजे आपल्या कोंकणांतील कोळी ज्यांना मुशी किंवा मोरी म्हणतात त्या कुळाचें, असेंच होतें. त्यांचाहि सांगाडा कूर्चेचा, आणि त्यांचेहि दांतच खडकांत उरतात. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सपाट, भरडण्याच्या दाढा असलेला एक शार्क आजहि आहे. अगासींनीं ह्या दोन गोष्टी जमेस धरल्या आणि सिरॅटोडस हा त्याच जातीचा कोणी प्राचीन शार्क असावा, असा निर्णय दिला. उपलब्ध पुराव्यावर हा निर्णय मुळींच अविचाराचा नव्हता. जगांतील विद्वानांनीं तो सुमारें तीस वर्षें मान्य केला.

ह्या तीस वर्षांतच आपला प्रदेश ह्या कथेंत येतो. १८४५ सालीं स्टीफन हिस्लॉप नांवाचे स्कॉटिश मिशनरी नागपुरास आले. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें तेच हे. धर्मप्रसार व शिक्षण हा त्यांचा व्यवसाय. परंतु दगड, जीवाश्म आणि गोंड लोकांच्या चालीरीति व परंपरा ह्या तिहींचा त्यांना विलक्षण नाद होता. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर हेहि त्याच वृत्तीचे. ह्या दोघांनीं नागपूरच्या आसमंतांतील भूस्तरांचा अभ्यास करून लंडनच्या भूगर्भशास्त्रमंडळाकडे निबंध पाठविले. नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा आणि वैनगंगा ह्यांच्या संगमांतून जी प्राणहिता नदी होते, तिच्या पश्चिमेस मालेडी नांवाचें खेडें आहे. आज तें तेलंगणांत मोडतें. तेथील तांबड्या चिकणमातीच्या थरांत हिस्लॉप ह्यांना सिरॅटोडसचे दांत मिळाले. हिंदुस्थानच्या भूगर्भ-पाहणी खात्याचे मुख्य थॉमस ओल्डहॅम ह्यांनीं १८५९ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्यांतील दोन जातींना हिस्लॉप व हंटर ह्यांचीं नांवें दिलीं. पुढें १८७८ सालीं मायल ह्या अभ्यासकानें ह्याच मालेडीच्या दांतांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला.

तो प्रबंध पाहण्यास हिस्लॉप जिवंत नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून रात्रीं घोड्यावरून परततांना बोरीजवळच्या ओढ्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. पुढें मालेडीच्याच थरांतील सुसरीसारख्या लांब तोंडाच्या एका प्राण्यास ‘पॅरासुकस हिस्लॉपी’ असें नांव देण्यांत आलें.

हे तांबडे थर ट्रायासिक कालखंडाच्या उत्तरार्धांतील, म्हणजे सुमारें २२ कोटि वर्षांपूर्वींचे आहेत. त्यांत गोड्या पाण्यांतील शिंपले आहेत, चोंचीसारख्या तोंडाच्या सरीसृपांचीं हाडें आहेत, प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा आहे. आणि समुद्राचा मागमूस नाहीं. मैदानांतून वाहणाऱ्या नद्या, पुरानें पसरलेला गाळ, मधून मधून डबकीं, असा तो देखावा होता. सिरॅटोडस हा नदीचा मासा होता हें मालेडीचे थर स्पष्ट सांगतात. पण समुद्रांत राहणाऱ्या शार्कांच्या कुळांतला मासा नदींत इतका विपुल कसा, ह्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर त्या वेळीं कोणापाशीं नव्हतें. उत्तर नागपुरास मिळालें नाहीं, लंडनसहि मिळालें नाहीं. तें मिळालें हजारों मैल दूर, ऑस्ट्रेलियांत.

तेथें सिडनी शहराच्या संग्रहालयाचे प्रमुख गेरार्ड क्रेफ्ट हे जन्मानें जर्मन गृहस्थ होते. विल्यम फॉर्स्टर हे त्यांच्या परिचयाचे. न्यू साउथ वेल्सचें प्रधानपद भूषविलेल्या ह्या गृहस्थांची क्वीन्सलँडच्या बाजूस कुरणाची जमीन होती. तिकडील बर्नेट नदींत कूर्चेच्या कण्याचा एक मोठा मासा असतो, असें फॉर्स्टर पूर्वींपासून सांगत. तिकडील वसाहतवाले तो पकडून खात, आणि त्याचें मांस तांबूस असल्यामुळें त्यास ‘बर्नेट सामन’ म्हणत. मूळच्या रहिवाशांना तर तो पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता. क्रेफ्ट ह्यांचा मात्र त्या सांगण्यावर विश्वास बसेना. अखेर १८७० च्या जानेवारींत फॉर्स्टर ह्यांच्या खटपटीनें तो मासाच संग्रहालयांत येऊन दाखल झाला. क्रेफ्टनीं त्याचें तोंड उघडून पाहिलें, आणि आंत अगासींच्या ग्रंथांतील चित्रांत असलेले तेच दांत. त्याच चकत्या, तेच कंगोरे, टोंकाशीं तेच दोन धारेचे दांत! जे दांत जगानें तोंवर फक्त दगडांत पाहिले होते, ते येथें मांसांत बसलेले होते.

क्रेफ्टनीं त्याच महिन्यांत सिडनीच्या वर्तमानपत्रांत हा शोध जाहीर केला आणि माशास ‘सिरॅटोडस फॉर्स्टेरी’ असें नांव दिलें. ज्या गृहस्थाच्या शब्दावर आपण अविश्वास दाखविला, त्याचेंच नांव माशास देऊन त्यांनीं त्याची भरपाई केली. पण त्यांनाहि हा मासाच आहे असें निश्चित वाटलें नाहीं. लंडनच्या प्राणिशास्त्रमंडळाकडे पाठविलेल्या निबंधांत त्यांनीं त्याची गणना एका प्रचंड उभयचरांत, म्हणजे बेडकाच्या वर्गांत केली.  दुसऱ्याच वर्षीं ब्रिटिश म्यूझियममधील आल्बर्ट ग्युंथर ह्यांनीं सविस्तर छेदन करून तो मासाच असल्याचें दाखवून दिलें.

ह्या माशाची लांबी बहुधा मीटरभर असते, क्वचित् दीड मीटरपर्यंत जाते. अंगावर मोठमोठे खवले, रंग काळसर हिरवट, आणि पर वल्ह्यांसारखे मांसल. त्याला कल्ले आहेत, आणि पाठीच्या कण्याखालीं एक फुप्फुसहि आहे. पाणी स्वच्छ व वाहतें असलें कीं तो कल्ल्यांवर भागवितो. पाणी उतरून डबकीं राहिलीं, कुजकट झालीं, म्हणजे तोंड वर काढून तो हवेचा घोट घेतो. आपल्याकडील मरळ मासाहि हवा घेतो हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु मरळीची सोय निराळी आहे. तिच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते व तींत ती हवा धरते. फॉर्स्टरच्या माशाचें फुप्फुस हें घशाच्या खालच्या बाजूनें निघालेलें, रक्तवाहिन्यांनीं वेढलेलें, आपल्या फुप्फुसाच्याच जातीचें आहे. ह्याचे दोन दूरचे भाऊबंद, एक आफ्रिकेंत व एक दक्षिण अमेरिकेंत, ह्यापूर्वींच शास्त्रज्ञांस माहीत झाले होते. त्या सर्वांना मिळून आतां फुप्फुसमत्स्य म्हणतात.

ह्यावरून अगासींची चूक कोठें झाली तें ध्यानांत येईल. दांतानें जें सांगितलें तें खरें होतें. भक्ष्य कोणतें, जबडा कसा, सांगाडा मऊ का, हें सर्व जिवंत माशांत तंतोतंत उतरलें. परंतु दांतानें जें सांगितलें नव्हतें, तें साम्यावरून त्याच्या तोंडीं घालण्यांत आलें. कूर्चा शार्कांत असते म्हणून कूर्चेचा प्रत्येक मासा शार्क ठरत नाहीं. फुप्फुसाविषयीं दांत एक अक्षरहि बोलत नाहीं; आणि जिवंत वंशज मिळाला नसता, तर ती गोष्ट सिरॅटोडसच्या बाबतींत कदाचित् कोणाच्या कल्पनेंतहि आली नसती.

जिवंत साक्षीदार मिळाला म्हणजे तरी सावधपणा सोडावा काय? बर्नेटच्या कांठींच घडलेली एक गंमत ह्याचें उत्तर देते. १८७२ सालीं गेंडा नांवाच्या गांवीं ब्रिस्बेनच्या संग्रहालयाचे अधिकारी कार्ल स्टायगर ह्यांच्यापुढें न्याहारीस एक अद्भुत मासा वाढण्यांत आला. त्याचें तोंड चपट्या चोंचीसारखें होतें. स्टायगरनीं त्याचें चित्र काढवून घेतलें, आणि मग मासा खाल्ला. तें चित्र मत्स्यतज्ज्ञ कास्टेलनो ह्यांच्याकडे गेलें, आणि १८७९ सालीं त्यांनीं ‘ऑम्पॅक्स’ ह्या नांवानें नवीन मासा जाहीर केला. वास्तविक गांवांतील थट्टेखोर मंडळींनीं निरनिराळ्या प्राण्यांचे अवयव एकत्र जोडून तो बनविला होता! कित्येक वर्षें तो शास्त्रीय यादींत राहिला. सिरॅटोडसचा दांत कोणासहि पुन्हां हातांत घेऊन तपासतां येत होता. ऑम्पॅक्स पोटांत गेला होता, म्हणून त्याची तपासणी करणें शक्यच नव्हतें.

पुढील संशोधनानें क्रेफ्टच्या मतांतहि दुरुस्ती केली. क्वीन्सलँडचा मासा आणि ट्रायासिक काळचा सिरॅटोडस ह्यांच्या दांतांचा नमुना एक असला तरी वंश एक नाहीं, असें दिसून आलें. म्हणून जिवंत माशास आतां ‘निओसिरॅटोडस’, म्हणजे नवा सिरॅटोडस, म्हणतात, आणि मूळ नांव अश्मीभूत माशांसाठीं राखलें आहे. मग मालेडीच्या माशाविषयीं आज आपण काय म्हणूं शकतों? तिन्ही खंडांतील फुप्फुसमत्स्यांना फुप्फुस आहे; तेव्हां तें त्यांच्या समान पूर्वजापासून आलें, आणि मालेडीच्या माशासहि तें होतें, असें मानण्यास सबळ आधार आहे. परंतु नदी आटल्यावर तो चिखलांत बीळ करून झोंपत होता काय? आफ्रिकेंतील व अमेरिकेंतील मासे तसें करतात, ऑस्ट्रेलियांतील करीत नाहीं. त्याला ओलें पाणीच लागतें. साक्षीदारांत एकमत नसल्यामुळें ह्या प्रश्नावर दांतास बोलतें करतां येत नाहीं. ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द कानास गोड लागतो, पण त्याच्या भरांत एकाचें चरित्र दुसऱ्यास चिकटविणें बरोबर नाहीं.

प्राणहितेचें खोरें आणि क्वीन्सलँड हीं एकमेकांपासून इतकीं दूर, मग एका कुळाचे मासे दोन्हींकडे कसे, अशी शंका आपणांस आली असेल. सिरॅटोडसच्या काळीं हिंदुस्थान व ऑस्ट्रेलिया हे एकाच महाखंडाचे भाग होते. त्या दक्षिणेकडील भूखंडास शास्त्रज्ञ ‘गोंडवन’ म्हणतात, आणि तें नांव आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून घेतलेलें आहे. भूमि दुभंगली, खंड दूर गेले. आपल्या बाजूची शाखा खुंटली. आज हिंदुस्थानच्या एकाहि नदींत फुप्फुसमत्स्य नाहीं. त्या बाजूची शाखा टिकली. निओसिरॅटोडसचे अवशेष ऑस्ट्रेलियांत सुमारें १० कोटि वर्षांपूर्वींच्या थरांपर्यंत सांपडतात.

आणि हें कुळ आपणांस परकें नाहीं. पाण्यांतील प्राण्यांपैकीं ज्यांच्या नातलगांनीं जमिनीवर पाऊल ठेवलें, त्या चतुष्पादांचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग हे फुप्फुसमत्स्यच होत, असें आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून ठरलें आहे. बेडूक, पक्षी, गाय आणि मनुष्य हे सर्व ह्या नात्यानें त्यांच्या जवळचे. २०२१ सालीं निओसिरॅटोडसच्या आनुवंशिक द्रव्याचें संपूर्ण वाचन प्रसिद्ध झालें. त्याचा विस्तार सुमारें ४,३०० कोटि अक्षरांचा, म्हणजे मनुष्याच्या सुमारें चौदापट निघाला.

परंतु ह्या साक्षीदाराचें पुढें काय होणार, ही काळजीची बाब आहे. नैसर्गिक स्थितींत तो बर्नेट आणि मेरी ह्या दोनच नद्यांत खात्रीनें आढळतो. १९१४ पासून त्यास पकडण्याची बंदी आहे, आणि २००३ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें त्याची नोंद धोक्यांतील प्राण्यांत केली. त्याचा आजचा शत्रु गळ किंवा जाळें नव्हे, तर धरण. उथळ पाण्यांतील वनस्पतींवर तो अंडीं घालतो. धरणाच्या जलाशयांत पाण्याची पातळी खालींवर होते, कांठचीं पाणवेलीं सुकतात, आणि अंडीं घालण्यास जागा उरत नाहीं. २००५ सालीं बर्नेटवर पॅराडाइझ नांवाचें धरण पुरें झालें. मेरी नदीवरील ट्रॅव्हेस्टन येथील धरणाची योजना मात्र २००९ सालीं केंद्रसरकारच्या मंत्र्यांनीं नामंजूर केली, आणि त्या निर्णयाच्या कारणांत ह्या माशाचा समावेश होता.

ह्यांत एक फसवी गोष्ट आहे. हा मासा फार दीर्घायुषी. शिकागोच्या मत्स्यालयांत १९३३ सालीं आणलेला एक मासा २०१७ पर्यंत, म्हणजे ऐंशींहून अधिक वर्षें, तेथें जगला. त्यामुळें एखाद्या नदींत पिलें निपजणें बंद झालें, तरी मोठे मासे पुढें पन्नास वर्षें दिसत राहतील, आणि पाहणारा म्हणेल, मासे तर भरपूर आहेत! वंश संपुष्टांत येत असतांना डोळ्यांस भरलेली नदी दिसावी, असा हा प्रकार आहे. म्हणून तेथील अभ्यासक मोठ्या माशांची संख्या मोजून थांबत नाहींत; पिलें किती, हें विचारतात.

श्रोतेहो, मालेडीच्या तांबड्या मातींतील दांत १८५९ सालींहि तोच होता आणि आजहि तोच आहे. फरक पडला तो आपल्या समजुतींत, आणि तो पडला बर्नेट नदींत त्याचा एक दूरचा आप्त जिवंत राहिला होता म्हणून. तोहि १८७० पूर्वींच नाहींसा झाला असता, तर आपण कदाचित् अजूनहि ह्या दांतांना शार्काचेच दांत म्हणत बसलों असतों, आणि तसें म्हणण्यास आपल्यापाशीं चांगलीं कारणेंहि असतीं. दगडांत जें राहिलें आहे तें कोठें जात नाहीं. पाण्यांत जें राहिलें आहे तें मात्र एका पिढींत जाऊं शकतें. आणि तें गेलें, तर दगडांचें म्हणणें आपणांस समजावून सांगणारा कोणी उरणार नाहीं.